बोटाने ओढलेली रेघ आणि टॉवरमधलं काम

निपाणीहून एका वडिलांचा प्रश्न आला आहे. मुलगा दहावीत, मराठी माध्यमात. टॅबवर बोटाने रेघा ओढून विमानं धावपट्टीवर उतरवायचा खेळ तो तासन्‌तास खेळतो आणि आता ‘मी एटीसीतच (विमान वाहतूक नियंत्रणातच) जाणार’ म्हणतो. खरं काम या खेळासारखं असतं का, खेळात पटाईत असलेलं पोर या कामात टिकेल का, दहावीनंतर त्याने काय घ्यावं आणि टॅब काढून घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, मी खानापूर तालुक्यातली. विमान वाहतूक नियंत्रक म्हणून मोठ्या विमानतळाच्या रडारसमोर बसले आणि दिवसाला मोजकीच विमानं येणाऱ्या लहान टॉवरमध्येही काम केलं. मुलाचा हा खेळ मी चांगला ओळखते. खेळातली रेघ खोटी आहे, पण ती ओढण्याआधी मुलगा मनात जे ठरवतो ते अगदी खरं आहे. कोण आधी, कोण नंतर, हे ते ठरवणं. आमचं बहुतेक काम या ठरवण्यातच असतं. ते जितकं लवकर होईल तितकी पुढची धावपळ कमी. हे समजलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

या प्रकारातला गाजलेला खेळ म्हणजे ‘फ्लाइट कंट्रोल’. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या फायरमिंट कंपनीने तो २००९ मध्ये आयफोनसाठी काढला. २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ती कंपनी विकत घेतली आणि २०१५ मध्ये हा खेळ अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला. तोवर तसेच कितीतरी खेळ निघाले होते. तुमच्या मुलाकडे त्यातला कुठला आहे ते माहीत नाही, पण मांडणी तीच असणार. लाल जेट लाल रनवेवर, पिवळी छोटी विमानं पिवळ्या रनवेवर, निळी हेलिकॉप्टरं हेलिपॅडवर. कोणाचा वेग जास्त, कोणाचा कमी. विमान थांबवता येत नाही. दोन विमानं एकमेकांना भिडली की खेळ संपला, आणि तोवर जितकी उतरवली तितके गुण.

विमान हवेत थांबत नाही, हे या खेळाने अगदी बरोबर पकडलं आहे. रस्त्यावर ट्रॅफिक पोलीस हात दाखवून गाडी उभी करू शकतो, आम्हाला ती सोय नाही. आमच्याकडे जे थांबवणं आहे ते म्हणजे लांबून फिरवून आणणं, वेग कमी करायला सांगणं किंवा एका जागी अंडाकृती घिरट्या घालायला लावणं. या घिरट्यांना आम्ही ‘होल्ड’ म्हणतो. आणि घिरट्या घालतानाही इंधन जळतच असतं.

आता मुलगा खेळतो कसा, ते बघा. नवशिका खेळाडू विमान कडेला दिसलं की तिथून रनवेपर्यंत सर्वांत जवळची सरळ रेघ ओढतो. चार-पाच विमानांपर्यंत ते चालून जातं. मग चारी बाजूंच्या रेघा रनवेच्या तोंडाशी येऊन मिळतात आणि जिथे जागा सगळ्यात कमी, नेमका तिथेच गुंता होतो. ज्याचे गुण वाढत जातात त्याच्या पडद्यावर वेगळं चित्र दिसतं. तो सगळी लाल विमानं लांबूनच एका बाजूला आणतो, एकामागे एक लावतो आणि मग रांगेतूनच रनवेकडे वळवतो. रेघ लांब पडते, पण क्रम रनवेपासून दूर, मोकळ्या जागेत ठरून जातो. हे मुलं कोणी न शिकवता शोधून काढतात, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. कारण खऱ्या विमानतळाभोवतीही असाच ठरलेला फेरा असतो. रनवेला समांतर, पण उलट दिशेने जायचं तो डाउनविंड. मग काटकोनात वळायचं तो बेस. पुन्हा वळून रनवेच्या सरळ रेषेत यायचं ते फायनल. विमान कुठल्याही दिशेने आलेलं असो, या फेऱ्यात शिरलं की पायलटलाही आपला नंबर कुठला ते कळतं आणि कंट्रोलरलाही.

यानंतर वेग. हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण खेळातले बरेच अपघात आणि खऱ्या कामातली बरीच डोकेदुखी इथूनच सुरू होते. छोटं पंख्याचं एटीआर विमान उतरायला येताना साधारण ११५ नॉटचा वेग ठेवतं. एअरबस ए-३२० साधारण १४० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. समजा एटीआर रनवेपासून १० मैलांवर आहे आणि त्याच्यामागे ५ मैलांवर, म्हणजे रनवेपासून १५ मैलांवर, एअरबस आहे. विमानतळाजवळ रडारवर किमान ३ मैल अंतर राखायचं असतं, त्यामुळे ५ मैल बघून नवख्याला वाटतं, भरपूर आहे. आता हिशेब करा. एटीआरला १० मैल कापायला सव्वापाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात एअरबस १२ मैलांहून थोडं जास्त पुढे आलेलं असतं. एटीआरची चाकं रनवेला टेकतात तेव्हा मागचं विमान जेमतेम २.८ मैलांवर! ५ मैलांचं अंतर कोणीही काहीही चुकीचं न करता नियमाच्या खाली गेलं. प्रत्यक्षात तर मागचं विमान लांब असताना १४० पेक्षा जास्तच वेगात असतं, म्हणजे अंतर याहूनही लवकर आटतं.

म्हणून कंट्रोलर पडद्यावर आत्ता दिसणारं अंतर बघून खूश होत नाही. पुढचं विमान टेकेल तेव्हा अंतर किती उरेल, ते तो बघतो. एअरबसला आधीच वेग कमी करायला सांगायचं, नाहीतर त्यालाच पुढे घेऊन एटीआरला मागे लावायचं. मुलाला हा हिशेब कागदावर करायला द्या. दहावीच्या गणितात बसणारा आहे, आणि तो एकदा स्वतः सोडवला की खेळात तो हळू विमानामागे जेट लावणार नाही.

वजनाचाही प्रश्न असतो, तो खेळात नाही. जड विमान मागे हवेचे भोवरे सोडत जातं आणि हलकं विमान त्यात सापडलं तर उलटंपालटं होऊ शकतं. म्हणून बोइंग ७७७ सारख्या ‘हेवी’ विमानामागे एअरबस ३२० येत असेल तर ३ मैल पुरत नाहीत, ५ मैल सोडावे लागतात. अगदी हलक्या विमानाला ६.

खेळातल्या आणखी काही चांगल्या सवयी थोडक्यात सांगते. पडद्याच्या कडा मोकळ्या ठेवायच्या, कारण नवीन विमान तिथूनच येतं. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर त्यातलं एकच वळवायचं. दोन्ही एकदम वळवली की ती बऱ्याचदा एकाच बाजूला जातात. आमच्याकडेही कोणाला हलवायचं आणि कोणाला आहे तसंच जाऊ द्यायचं ते आधी ठरतं. हेलिकॉप्टरं सगळ्यात हळू, ती एका कोपऱ्यात शांतपणे फिरवत ठेवायची. आणि नजर एका विमानावर खिळवायची नाही. नियंत्रकाची नजर सतत सगळ्या पडद्यावरून फिरत असते. एखाद्या अवघड विमानाकडे बघून झालं की पुन्हा सगळीकडे एक फेरी, अगदी निवांत वेळीही. ही सवय खेळातून लागत असेल तर चांगलंच आहे.

आता खेळात जे नाही त्याबद्दल.

पहिली गोष्ट उंची. टॅबचा पडदा सपाट आहे, तिथे दोन विमानं एकमेकांवर आली म्हणजे धडक. खऱ्या रडारवर दोन ठिपके एकमेकांवरून जाताना दिसले तर काळजी नसते, मात्र त्यांच्या उंचीत किमान १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर, फरक हवा. प्रत्येक ठिपक्याशेजारी विमानाचं नाव, उंची आणि वेग लिहून येतो. शिकाऊ मुलं सुरुवातीला ठिपक्यांच्या हालचालीकडेच बघत बसतात. त्यांना उंचीचे आकडे वाचायला लावणं हे प्रशिक्षणातलं मोठं काम असतं.

उंचीची किंमत काय, ते आपल्या देशाने १२ नोव्हेंबर १९९६ ला मोजली. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७ वर चढत होतं आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं आयएल-७६ समोरून खाली येत होतं. सौदीच्या विमानाला १४,००० फुटांची परवानगी होती, कझाक विमानाला १५,००० फुटांची. मधे हजार फूट. कझाक विमान १५,००० च्या खाली गेलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमानं धडकली. दोन्हींतली मिळून ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. चौकशी न्यायमूर्ती लाहोटी यांच्याकडे होती. त्या वेळी दिल्लीच्या रडारवर विमानाची जागा दिसायची, उंची दिसायची नाही. येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने ये-जा करत होती. नंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं आणि समोरच्या विमानाची सूचना पायलटला थेट देणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं. आज तुम्ही-आम्ही विमानात निर्धास्त बसतो त्यामागे त्या ३४९ जणांचं जाणं आहे. मुलाला हे सांगायला हवं. खेळात धडक झाली की पुन्हा सुरू करायचं बटण येतं. या कामाला जायचं तर धडक म्हणजे काय हे त्याच्या मनात पक्कं असावं, आणि दहावीचा मुलगा ते समजण्याइतका मोठा आहे.

दुसरी गोष्ट आवाज. खेळात बोटाने रेघ ओढली की विमान त्या रेघेवर चालतं. आमच्या हातात विमान नसतंच. विमान पायलट चालवतो, आम्ही फक्त बोलतो. ‘डावीकडे वळा, दिशा २७०’, ‘४,००० फुटांवर या’. पायलट ते ऐकतो, तसंच्या तसं परत म्हणून दाखवतो, त्याला ‘रीडबॅक’ म्हणतात. तो जे म्हणाला ते आपण सांगितल्याप्रमाणेच आहे ना, हे कान देऊन तपासायचं. चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करायचं. एका वेळी त्या फ्रीक्वेन्सीवर एकच जण बोलू शकतो. दोघे एकदम बोलले की नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणजे गर्दीच्या वेळी हाताच्या चपळाईपेक्षा बोलायला मिळालेला क्षण महत्त्वाचा असतो. कमी शब्दांत, स्वच्छ, एका दमात बोलावं लागतं. आणि एकदा बोललेलं पडद्यावर दिसायला वेळ लागतो. पायलट ऐकणार, उत्तर देणार, मग वळवणार, आणि मग कुठे ठिपका वाकडा होणार. बोट फिरताक्षणी वळणाऱ्या विमानाची सवय झालेल्याला हा उशीर पचवणं जड जातं. लवकर ठरवण्याचं महत्त्व इथे सगळ्यात जास्त कळतं, कारण शेवटच्या क्षणी सुचलेलं उत्तर सांगायलाच वेळ उरत नाही.

ही सगळी बोली इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांत असते. मराठी माध्यमाचं पोर म्हणून तुम्ही यामुळे घाबरू नका. आपल्या भागातली मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकत वाढतात. वेगवेगळ्या हेलांत बोललेलं कान लावून समजून घ्यायची त्यांना सवय असते. रेडिओवर कोरियाचा, रशियाचा, केरळचा, पंजाबचा पायलट एकामागे एक बोलतो तेव्हा हाच कान कामाला येतो. इंग्रजीचा रुबाब लागत नाही, उच्चार स्पष्ट लागतो. आकडे एकेक करून बोलायचे असतात. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’ म्हणायचं, म्हणजे खरखरीतही एक आकडा दुसऱ्यासारखा ऐकू येत नाही. अक्षरांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी नावं आहेत. मुलाला उत्साह असेल तर आजपासून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर या पद्धतीने मोठ्याने म्हणायला लावा. केए-२२ ची गाडी दिसली की ‘किलो अल्फा टू टू’.

तिसरी गोष्ट वारा. खेळात रनवेचं तोंड ठरलेलं असतं. खरं विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उतरतं, त्यामुळे वारा बदलला की सगळी मांडणी उलटी करावी लागते. आपल्या सांबऱ्याचं, म्हणजे बेळगाव विमानतळाचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला हा तळ. आजची धावपट्टी २,३०० मीटरची. तिची नावं दोन, ०८ आणि २६. होकायंत्रावरच्या दिशेतला शेवटचा शून्य काढला की हे आकडे येतात. ०८ म्हणजे ८० अंश, पूर्वेकडे तोंड. २६ म्हणजे २६० अंश, पश्चिमेकडे तोंड. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा विमान पूर्वेकडून येऊन बेळगाव शहराकडे तोंड करून उतरतं. शहराच्या डोक्यावरून उतरत जाताना दिसलं तर ०८ चालू आहे असं समजा. मुलाला कधी घेऊन आलात तर आधी वारा कुठून येतो ते बघायला सांगा आणि विमान कुठल्या बाजूने येईल ते त्याच्याकडून वदवून घ्या.

एक छोटी गोष्ट मधेच सांगते, कारण ती बघून लोक विनाकारण घाबरतात. कधी विमान रनवेच्या अगदी जवळ येतं आणि न उतरता घरघर करत पुन्हा वर जातं. त्याला ‘गो अराउंड’ म्हणतात. रनवेवर अजून दुसरं विमान असेल, कुत्रं किंवा पक्ष्यांचा थवा असेल, ढगामुळे रनवे दिसत नसेल किंवा पायलटला विमान हवं तसं स्थिर वाटलं नसेल, तर तो वर जातो. हा शिकवलेला, रोजच्या सरावातला प्रकार आहे. खेळात ही सोय नाही, तिथे उतरायचं नाहीतर धडकायचं. कंट्रोलर मात्र प्रत्येक उतरणाऱ्या विमानासाठी पुढची वाट मोकळी ठेवूनच काम करतो.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. खेळाला ‘बस, आता आणखी नको’ म्हणता येत नाही. विमानं वाढतच जातात आणि शेवट प्रत्येक वेळी धडकेनेच होतो. कितीही हुशार खेळाडू असो, खेळ त्याला मोडेपर्यंत भरत राहतो. खऱ्या व्यवस्थेची सगळी रचना याच्या नेमकी उलटी आहे. एका रनवेवर तासाला किती विमानं घेता येतील आणि एका कंट्रोलरच्या वाट्याच्या आकाशात एका वेळी किती बसतील, हे आधी ठरलेलं असतं. त्याहून जास्त येणार असं दिसलं तर ती निघण्याआधीच अडवली जातात. देशभराचा हा हिशेब ठेवणारं केंद्र दिल्लीत आहे. तुमच्याकडे उसाच्या हंगामात कारखाना रोजच्या गाळपाइतक्याच तोडी देतो. सगळ्यांनी एकदम ऊस तोडला तर ट्रॉल्या काट्यावर उभ्या राहून ऊस वाळतो. तोड आली नाही म्हणून शेतकरी चिडतो, पण उभा ऊस शेतात राहणं बरं, तोडलेला रांगेत वाळणं वाईट. इथेही तेच. मुंबईत किंवा बेंगळुरूत गर्दी असेल तर विमान सांबऱ्यालाच दार लावून उभं ठेवतात. पायलट सांगतो, ‘आपल्याला अमुक वाजता निघायची वेळ मिळाली आहे’. आत बसलेली माणसं वैतागतात, हवामान तर स्वच्छ आहे, मग का थांबलो? कारण इथे जमिनीवर थांबलात म्हणून मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालाव्या लागत नाहीत, इंधन वाचतं आणि तिथल्या कंट्रोलरच्या पडद्यावर पेलतील तेवढीच विमानं राहतात. मुंबईला दोन रनवे असले तरी ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकाच रनवेवर काम चालतं. त्या एका रनवेवर २०१८ मध्ये एका दिवसात १,००० हून जास्त उतरणी-उड्डाणं झाली. हे बोटांच्या चपळाईने होत नाही. कोणतं विमान कधी निघेल हे कित्येक तास आधी आणि शेकडो किलोमीटर दूर ठरलेलं असतं, म्हणून होतं.

म्हणून दादा, खेळात पटाईत पोर कामात टिकेल का, याचं उत्तर तो कशामुळे पटाईत आहे त्यावर आहे. शेवटच्या सेकंदाला बोट मारून विमानं वाचवण्याची त्याला मजा येत असेल, तर ती वेगळी आवड आहे, तिचा इथे उपयोग नाही. धडकेची वेळच येऊ नये अशी मांडणी करण्यात त्याला गोडी असेल, तर ते या कामाचं खरं लक्षण आहे. टॉवरमध्ये ज्या दिवशी काहीच विशेष घडत नाही, तो दिवस उत्तम कामाचा. अशा दिवसाचं समाधान ज्याला वाटतं तो टिकतो.

ताणाबद्दलही लोक विचारतात. ताण असतो, रात्रपाळी असते, सणासुदीला घरी नसणंही असतं. पण कोणी एकटा आठ तास पडद्यासमोर बसत नाही. साधारण दोन तासांनी माणूस बदलतो, आणि जाणारा येणाऱ्याला प्रत्येक विमानाची स्थिती नीट समजावून मगच उठतो. विसरू नये म्हणून प्रत्येक विमानाची एक पट्टी असते, तिला ‘स्ट्रिप’ म्हणतात. पूर्वी सगळीकडे कागदाची होती, आता बऱ्याच ठिकाणी पडद्यावरची आहे. दिलेली प्रत्येक सूचना तिच्यावर नोंदवायची. स्मरणशक्ती कितीही चांगली असो, नोंद ठेवायचीच.

आता शिक्षण. दहावीनंतर विज्ञान शाखा, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत. गणित सोडून चालणार नाही. पुढे भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग. दोन्ही बेळगावात राहून होतं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं (व्हीटीयू) मुख्यालयच इथे आहे आणि विज्ञानाची जुनी महाविद्यालयं टिळकवाडीत आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरण, म्हणजे एएआय, ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल’ या पदासाठी अखिल भारतीय परीक्षा घेतं. खुल्या गटाला वयोमर्यादा २७ वर्षं, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. परीक्षा संगणकावर होते आणि भौतिकशास्त्र-गणिताला मोठा वाटा असतो, बाकी इंग्रजी, तर्क आणि सामान्यज्ञान. नंतर आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. चष्मा असला तर त्याने अडत नाही, पण रंग नीट ओळखता यायला हवेत. म्हणून अकरावीला जायच्या आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या. हे मी प्रत्येक पालकाला सांगते. रंगांची अडचण शेवटच्या टप्प्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी, म्हणजे पोराला दुसरी वाट निवडायला वेळ मिळतो.

निवड झाल्यावर प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाच्या केंद्रात प्रशिक्षण होतं. तिथे खरा सिम्युलेटर असतो आणि समोर पायलट म्हणून माणूस बोलत असतो. नंतर नेमणूक मिळेल त्या विमानतळावर अनुभवी कंट्रोलरच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम, आणि त्या जागेची परवानगी मिळाल्यावरच एकट्याने माइक हातात घ्यायचा. दुसऱ्या विमानतळावर बदली झाली की तिथलं आकाश नव्याने शिकून पुन्हा परीक्षा. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर मिळेलच असं नाही. घरापासून लांब राहायची तयारी मुलाइतकीच तुमचीही हवी. जाहिरात एएआयच्या अधिकृत संकेतस्थळावर येते. ‘विमानतळावर चिकटवून देतो’ म्हणून पैसे मागणारी माणसं निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंत फिरत असतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका, या निवडीत मध्यस्थाला जागाच नाही.

टॅब काढून घेऊ नका. दहावीच्या वर्षात वेळ बांधून द्या, आणि खेळायची पद्धत थोडी बदला. विमान पडद्यावर आलं की रेघ ओढायच्या आधी त्याने मोठ्याने सांगायचं, हे कितवं उतरणार. बोट नंतर. सुरुवातीला गुण कमी होतील, होऊ द्या.

शिवाय रविवारी संध्याकाळी ‘फ्लाइटरडार२४’ उघडून मुंबई विमानतळ बघायला द्या. खरी विमानं दिसतात, एकेकावर बोट ठेवलं की उंची आणि वेग कळतो. गर्दीच्या वेळी काही विमानं अंडाकृती फेऱ्या मारताना दिसतील. तो होल्ड. त्यांची उंची वाचली तर हजार-हजार फुटांनी एकावर एक रचलेली आढळतील. मुंबईकडे येणारी पाच विमानं निवडून ती कोणत्या क्रमाने उतरतील ते त्याला कागदावर लिहायला सांगा आणि कागद तुमच्याकडे ठेवा. अर्ध्या तासात निकाल लागतो. क्रम चुकला असेल तर का चुकला ते त्यालाच शोधू द्या. बहुतेक वेळा मागचं एखादं विमान जास्त वेगात आलेलं असतं, नाहीतर पुढच्याला कंट्रोलरने लांबून फिरवून आणलेलं असतं. पाचांचा क्रम बरोबर येऊ लागला की आठ विमानं द्या.